टपोऱ्या डोळ्यांचं कौतुक

ईश्वरी झाली तेव्हा दवाखान्यातल्या बायका आपापल्या खाटा सोडून तिला बघायला यायच्या. "काय गं बाई डोळे हे, नुसते टपोरे," असं म्हणत कानशिलावर बोटं मोडायच्या. मला लई बरं वाटायचं. टाके ओढतायत, पाठ मोडलीय, आणि त्यात पोरीचं असं कौतुक, कुणाला नाही आवडणार? आज विचाराल तर सांगते, त्या कौतुकानंच आमचा घात केला. ते डोळे सुंदर नव्हते, ते आतून ताणले जात होते, आणि आम्ही मात्र त्यांचे फोटो स्टेटसला ठेवत बसलो होतो.

मी निमोण्यात राहते. घरीच ब्लाउज शिवते. नवरा संतोष एमआयडीसीतल्या कंपनीत शिफ्टमध्ये आहे. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, माझ्या वडलांची मोठी बहीण. लग्नाआधी आत्या म्हणायचे, आताही आत्याच म्हणते. संतोषला मात्र लग्नाआधी संत्या म्हणायचे आणि आता अहो म्हणावं लागतं, ते अजून माझ्या जिभेला नीट बसलेलं नाही. माहेर भांडगावचं. आमच्याकडं मामाची पोरगी सून म्हणून आणायची रीतच आहे. आप्पांनी म्हणजे माझ्या वडलांनी मी पाळण्यात असतानाच मला बहिणीला बोलून टाकलं होतं, आणि माझीही काही तक्रार नव्हती. सासरी जायचं म्हणजे आत्याकडं राहायला जायचं, एवढंच मला वाटलं.

आप्पा नातीला "टपोरी" म्हणायचे. फोन केला की पहिलं वाक्य, "आमची टपोरी काय करती?" मी म्हणायचे, "आप्पा, पुण्यात टपोरी गुंडाला म्हणतात." त्यावर म्हणायचे, "मंग आमची हायच गुंड." डोळे कुणाचे यावरून बहीणभावात भांडण. आत्या म्हणायची माझ्या लेकाचे, आप्पा म्हणायचे माझ्या लेकीचे. शेवटी दोघंही म्हणायचे, जाऊ दे, घराणं एकच हाय.

लाजरी

पहिल्या महिन्यापासून ती उजेडाला तोंड द्यायची नाही. अंगणात आणली की माझ्या खांद्यात तोंड खुपसायची आणि डोळे गच्च मिटून घ्यायची. आत्या म्हणायची, "लाजरी हाय गं, माझ्यावर गेलीय." जी बाई सरपंचाला भर चौकात खडसावते, ती स्वतःला लाजरी म्हणत होती. आम्ही सगळे हसलो आणि पोरीला लाजरी हे दुसरं नाव पडलं. बारशाच्या एकाही फोटोत तिचे डोळे उघडे नाहीत. फोटोवाला वैतागून म्हणाला, "ताई, सावलीत घ्या हिला, उन्हात ही डोळं उघडायचीच न्हाई." खरं दुखणं त्यानं तोंडानं सांगितलं होतं. पण त्यालाही ते कळलं नव्हतं आणि मलाही नाही.

मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आमच्याकडं बाळाच्या डोळ्यांतून पाणी आलं की लोक एकच म्हणतात, डोळे आले. डोळे येतात आणि चार दिवसांनी जातात, त्यात काय घाबरायचं? शेजारच्या काकूंनी आईच्या दुधाचे थेंब घालायला सांगितले, घातले. आत्यानं तुपातलं काजळ धरलं, ते घातलं. संतोषनं मेडिकलमधून ड्रॉप आणले, तेही घातले. मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. चुलीत मोहऱ्या जोरात तडतडल्या म्हणून आत्या म्हणाली, "बघ, लईच लागलीय." आप्पा म्हणाले, "एवढे मोठाले डोळे, त्यात धूळ बी जास्तच जाणार." हे बोलणं आम्हाला पटलं, आता काय बोलायचं. या सगळ्यात गणपती गेले, नवरात्र गेलं.

दिवाळी तोंडावर आली तशी माझ्याकडं ब्लाउजचं काम तुंबलं. एक दिवस दुपारी ती झोळीत रडायला लागली म्हणून तिला मांडीवर घेऊन मशीनजवळ बसले. मशीनचा दिवा तिच्या तोंडावर पडला आणि मला दिसलं, की डाव्या डोळ्याचं काळं बुबुळ काळं राहिलेलं नाही. त्यावर निळसर पांढरी साय आल्यासारखं झालं होतं. मी लाल रीळ तिच्यासमोर फिरवलं. उजवा डोळा रिळामागं थोडा तरी गेला, डावा नुसता थरथरत राहिला. मी हातातलं काम तसंच टाकलं आणि संतोषला फोन केला. मी म्हटलं, शिफ्ट अर्धी सोडून या. एरवी या माणसाला शिफ्ट सोड म्हटलं तर दहा कारणं देतो, त्या दिवशी एकही दिलं नाही.

शिरूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारली तशी ती किंचाळली. त्यांनी बॅटरी बंद केली आणि विचारलं, "डोळे पहिल्यापासून एवढे मोठे आहेत?" मी म्हटलं, "हो, पहिल्यापासून टपोरेच आहेत." सवयीनं हसत म्हटलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "काचबिंदू वाटतोय. उद्याच पुण्याला न्या, परवावर ढकलू नका."

काच आणि मोती

गावात बातमी पसरायला काय वेळ लागतो. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी मोतीबिंदू झाला होता. आप्पा फोनवर म्हणाले, "त्यात काय घाबरायचं? माझा शिबिरात केला, दुपारी घरी येऊन भाकरी खाल्ली." मी म्हटलं, "आप्पा, मोती नाही, काच." म्हणाले, "बिंदू तर हायच की." मला इतका राग आला की फोन कट केला. नंतर कळलं, की फोन ठेवल्यावर ते गोठ्यात जाऊन रडले होते. त्यांनाही भीती वाटली होती, फक्त ती बोलून दाखवायची पद्धत त्यांच्याकडं नव्हती.

पुण्याच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या डोळ्यांच्या मॅडम होत्या. तपासून झाल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि हळू सांगितलं. डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेनं बाहेर जातं. ईश्वरीच्या डोळ्यांत ती वाट जन्मापासूनच नीट झालेली नाही. पाणी तुंबतं, दाब वाढतो. बाळाचा डोळा कोवळा असतो, म्हणून तो ताणून मोठा होत जातो, आणि मागच्या नसेचं नुकसान होत राहतं. उजेड सहन होत नाही, पाणी येतं, ते त्यामुळंच.

मी म्हटलं, "पण मॅडम, सगळे म्हणायचे किती सुंदर डोळे आहेत."

त्या म्हणाल्या, "सगळेच म्हणतात. माझ्याकडं येणारी प्रत्येक आई हेच सांगते."

मग त्यांनी विचारलं, नात्यात लग्न झालंय का. मी म्हटलं, आत्याच्या मुलाशी. आत्या मागंच उभी होती. ती म्हणाली, "आमच्यात चालतंय तसं." मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की घराण्यात दोष असला तर तो दोन्हीकडून बाळाकडं येऊ शकतो, प्रत्येक वेळी येतोच असं नाही, पण पुढच्या बाळाला जन्मताच तपासून घ्या. आणि विचारलं, "घरात कुणाला लहानपणापासून दिसत नाही, असं आहे का?"

मी, संतोष आणि आत्या, तिघांनीही मानेनं नाही म्हटलं.

कुणी खोटं बोललं नाही, माझ्यावर विश्वास ठेवा. परत येताना गाडी शिक्रापूरच्या पुढं आली आणि आत्या एकदम म्हणाली, "किसनचे डोळे बी असेच होते." किसन म्हणजे माझे नाना, आप्पांचे आणि आत्याचे धाकटे भाऊ. जन्मापासून भांडगावच्या घरात आहेत आणि लहानपणापासून आंधळे आहेत. मी त्यांच्या मांडीवर वाढले. पण नानांना काही आजार झाला होता असं आमच्या मनातच कधी आलं नाही. नाना म्हणजे नाना, चऱ्हाट वळणारे, पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखणारे. लहानपणी विचारलं तर घरातले सांगायचे, "त्याचे डोळे आले आन् गेले." मी ते वाक्य शंभरदा ऐकलंय. डोळे येतात आणि जातात, असं आपण म्हणतो ना, तसंच मला वाटायचं. नानांचे खरोखरच गेले होते.

आत्या पुढं म्हणाली, "आई त्याला उन्हात न्यायची तर पदराखाली तोंड लपवायचा. आम्ही त्याला लाजरा म्हनायचो." आणि तिनं पदर तोंडाला लावला. मला तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. ती माझी आत्या आणि मी तिची भाची, तरी त्या दिवशीचं ते अंतर आज आठवलं की वाईट वाटतं.

भूल

ऑपरेशनच्या आधी बाळाला दूध द्यायचं नसतं. हे कुणी आधी सांगितलं तरी कळत नाही, अनुभवल्यावरच कळतं. ती भुकेनं माझ्या छातीशी तोंड घासत होती आणि मी तिला दूर धरून फिरत होते. ब्लाउज ओला झालेला, लोक बघतायत, मला कशाचीच शुद्ध नाही. संतोष म्हणाले, "माझ्याकडं दे, तुझा वास येतोय म्हणून जास्त रडती." पोरगी घेऊन ते जिन्यात गेले. शिफ्टमध्ये मशीनसमोर उभा राहणारा हा माणूस, जिन्यात उभं राहून तिला कंपनीच्या सायरनचा आवाज काढून दाखवत होता. मी वरून ऐकत होते. लग्न चुकलं का, हा प्रश्न मॅडमच्या खोलीतून निघाल्यापासून माझ्या डोक्यात होता. तो आवाज ऐकताना वाटलं, हा नवरा नसता तर ही पोरगीही नसती. मग चुकलं म्हणजे नेमकं काय चुकलं?

आत नेताना सिस्टरनी तिला माझ्या हातातून घेतलं. त्यांना दिवसातून कितीतरी पोरं अशी घ्यावी लागतात, तरी त्या म्हणाल्या, "नाव काय पिल्लाचं?" आणि तिच्या नावानं बोलत बोलत आत गेल्या. एवढ्याशानं माझे पाय जमिनीला टेकले.

बाहेर बाकड्यावर आम्हा सगळ्या आया. कुणाच्या बाळाच्या डोळ्यात जन्मतःच मोतीबिंदू, कुणाची पापणीच उघडत नाही. एकमेकींना गाव विचारायचं, बाळ केवढं विचारायचं, आणि मग प्रत्येकीचं एकच वाक्य, आम्हाला आधी कळलंच नाही. पाबळच्या एका बाईंनी मला घरचा शिरा दिला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "खा गं, ती बाहेर आली की तिला दूध कोण देणार?" तो शिरा मी रडत रडत खाल्ला आणि तो लई गोड होता.

दोन्ही डोळ्यांचं झालं. बाहेर आली तेव्हा डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या चिकटवलेल्या, दोन्ही कोपरांना पुठ्ठा बांधलेला, डोळे चोळू नयेत म्हणून. आत्यानं त्या पुठ्ठ्यांना मऊ साडीचे तुकडे गुंडाळले. तोपर्यंत ती माझ्याशी फार बोलत नव्हती. काजळाचा विचार तिला खात होता. मॅडमनी राउंडला आल्यावर तिला स्वतःहून सांगितलं, "आजी, काजळानं हे झालेलं नाही. काजळ घालू नका एवढं खरं, पण हे त्यानं झालेलं नाही." आत्या खाली बसली ती बराच वेळ उठली नाही.

उजव्या डोळ्याचा दाब उतरला. डाव्याचाही उतरला, पण त्याची नस आधीच खूप खराब झाली होती. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं. ऑपरेशननं गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली राखता येते. लवकर आणलं असतं तर डाव्यात जास्त राहिली असती का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "हो." खोटं बोलल्या असत्या तर मी त्यांना माफ केलं नसतं. खरं बोलल्या, तर ते अजून गिळता येत नाही.

नंतर ड्रॉप, पुन्हा भूल देऊन तपासणी, पुन्हा ड्रॉप, कानामागून पट्ट्यानं बांधलेला चष्मा. पुढच्या एका खेपेला आप्पांना आणि नानांनाही सोबत नेलं. मॅडमनी त्यांचे पांढरे झालेले डोळे पाहिले आणि म्हणाल्या, हाच आजार. आप्पांनी विचारलं, "याचं झालं असतं का काही?" मॅडम म्हणाल्या, "तेव्हाही पुण्यात अशी ऑपरेशनं होत होती. लवकर आणलं असतं, तर काहीतरी राहिलं असतं." आप्पा भावाकडं बघत राहिले. नानांनी फक्त विचारलं, "चहा कुठं मिळंल?" त्या दिवसापासून आप्पांनी ईश्वरीला टपोरी म्हणणं सोडलं. मी त्यांना म्हणाले, म्हणा की हो, तिला आवडतं. पण त्यांच्या तोंडून ते येईना.

म्हणून ज्यांच्या घरात तान्हं बाळ आहे त्यांना हात जोडून सांगते. बाळ उजेडात तोंड लपवत असेल, डोळ्यांतून सारखं पाणी गळत असेल, आणि डोळे बघून लोक थांबून कौतुक करत असतील, तर लाजू नका, घाबरू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. काही नसलं तर एक फेरी फुकट गेली म्हणा. आम्ही ती फेरी वाचवली आणि पोरीचा डोळा घालवला.

पट्टी

डावा डोळा मंद, म्हणून चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावायची, म्हणजे डाव्याला काम करावंच लागतं आणि त्याच्यात जी काही नजर आहे ती शिकते. मी ती पट्टी कधी चुकवली नाही. ईश्वरी भिंतीला धडकायची, शिलाई मशीनच्या पायडलला अडखळायची, पट्टीचा डबा गादीखाली लपवायची. मी शोधून काढायचे. आत्या म्हणायची, "आज राहू दे गं, पोरगी रडती." मी तिला असं काही बोलायचे की ती आत निघून जायची.

गेल्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "आता पट्टी थांबवू. त्या डोळ्यानं जेवढं यायचं तेवढं आलं. त्याला उजेड आणि सावली कळते. उजवा चांगला आहे, तो जपू." मी मान हलवली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी लावली. संतोष म्हणाले, "अगं, मॅडमनी बंद सांगितलीय ना?" मी म्हटलं, "तुम्ही गप बसा." पट्टी बंद करायची म्हणजे डावा डोळा गेला असं कबूल करायचं, आणि ते मला जमत नव्हतं.

परवा भांडगावला गेलो होतो. ईश्वरी आता बालवाडीत जाते. जेवणं झाली, मी पट्टी लावली, ती रडून रडून दमली आणि ओट्यावर नानांशेजारी जाऊन बसली. नाना चऱ्हाट वळत होते. मी उंबऱ्यात डाळ निवडत होते.

ती म्हणाली, "नाना आजोबा, मला काहीच दिसत नाही. नुसतं पांढरं पांढरं. तुम्हाला काय दिसतं?"

"मला काईच न्हाई."

"काळं काळं?"

"काळं बी न्हाई, बाळा. काईच न्हाई."

मग थोड्या वेळानं नाना मला म्हणाले, "सुवर्णे, हिचा कुठला डोळा बांधलायस?"

"चांगला. दुसऱ्यानं शिकावं म्हणून."

"शिकतोय व्हय?"

मी सुपातला खडा वेचून टाकला.

"डॉक्टरीनबाई काय म्हनत्यात?"

"बंद करा म्हणतात."

त्यांच्या हातातला पीळ थांबला नाही. म्हणाले, "मंग जो बगतोय त्याला कशाला कोंडलंस? मला कुनी एक दिला आसता, तर मी त्याच्यावर झोपंतबी हात ठिवला नसता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. आमच्या हातून उशीर झाला तो तेव्हा कळलं नाही म्हणून. हे मात्र मला सांगितलं होतं, समजलंही होतं, आणि तरी मी पोरीचा चांगला डोळा दुपार दुपारभर बांधून ठेवत होते. माझी आशा मी तिच्या डोळ्यावर चिकटवत होते. मी सूप बाजूला ठेवलं, उठले, आणि पट्टी हळूच सोडवली. तिनं गाल चोळला, चष्मा लावला, गोठ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग नानांच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेऊन त्यांना निरखायला लागली.

"नाना आजोबा, तुमचे डोळे किती पांढरे आहेत. तुमचं ऑपरेशन नाही केलं?"

"न्हाई बाळा," नाना म्हणाले. "माझ्या आईला कुनी सांगितलंच न्हाई."